कडी पितळेची नव्हती

अन्याय माझ्या आईवर झाला. कधी, तेही सांगते. गेल्या ऑक्टोबरमध्ये, हाफ-टर्मच्या सुट्टीतल्या सोमवारी सकाळी, माझी धाकटी बहीण रिंगणातल्या वाळूत पडली होती आणि अँब्युलन्स अजून यायची होती, तेव्हा. तबेल्याच्या मालकीणबाई वाकून खोगीर बघत होत्या. त्यांनी मान वर केली आणि आईला विचारलं, "तुम्ही त्या दिवशी याला काहीतरी लावलं होतं, नाही का?"

आवाज अगदी सौम्य होता. इथे माणसाला आरोपी करायचं तर आवाज चढवावा लागत नाही.

हाड बहिणीचं मोडलं, गळ्याखालचं. पण ते ख्रिसमसच्या आधी जुळलं. ती कॉलेजला जाते, बॅग उजव्या खांद्यावर घेते आणि मी बॅग धरायला गेले तर म्हणते, "ताई, मी म्हातारी नाहीये." आईच्या आत गेलेलं ते वाक्य मात्र अजून आतच आहे. म्हणून म्हणते, अन्याय आईवर झाला.

तो तबेला लंडनच्या कडेला, पिनरच्या पलीकडे, घरं संपून कुंपणं सुरू होतात तिथे आहे. बहिणीला वेस्टर्न पद्धतीनेच घोड्यावर बसायचं होतं. इंग्लिश खोगीर म्हणजे बशी, त्यावर तोल सांभाळत बसायचं. वेस्टर्न खोगीर म्हणजे आरामखुर्ची, पुढे धरायला मूठसुद्धा. बाबा म्हणाले, "एवढी वर्षं व्हिसा काढून आलो ते मुलीला काउबॉय करायला?" पण शनिवारी सकाळी तिला तिथे सोडायला तेच जायचे आणि कुंपणाला टेकून व्हिडिओ काढायचे. ती एवढी आनंदात आम्हाला दुसरीकडे कुठे दिसायची नाही.

वेस्टर्न खोगिराचा सगळा भार दोन बाजूंच्या कड्यांवर असतो. इंग्रजी डी अक्षरासारखी कडी, तिच्यात चामड्याचा पट्टा ओवलेला आणि त्या पट्ट्याने घोड्याच्या पोटाखालचा तंग आवळलेला. कडी तुटली की तंग सुटतो, तंग सुटला की खोगीर फिरतं आणि वर बसलेलं माणूस घोड्याच्या पोटाकडे जातं. एवढंच आहे ते. आरामखुर्ची, मूठ, चामड्यावर कोरलेली फुलं, सगळं त्या दोन कड्यांच्या भरवशावर.

त्या तबेल्यात महिन्यातून एकदा साफसफाईचा दिवस असायचा. ज्यांची मुलं शिकायला येतात त्यांनी येऊन खोगिरं, लगाम, रिकिबी पुसायच्या. वर चहा, आणि कुणीतरी घरून आणलेला केक. सप्टेंबरअखेरचा तो दिवस नेमका खंडेनवमीच्या आसपास आला. आई खूश झाली. आमच्याकडे खंडेनवमीला बाबांचा लॅपटॉप, गाडी, शिलाई मशीन, कात्र्या, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. आई म्हणाली, "जी वस्तू आपल्या मुलीला सांभाळते तिची नको का पूजा?" तिने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात चिंच भिजवून नेली. पितळ घासायचं म्हणजे चिंचच. तिच्या डोक्यात दुसरा विचार येणारच नव्हता.

आधी तिने घोड्याच्या दारावरची नावाची पाटी घासली. काळवंडलेली पाटी अशी उजळली की मालकीणबाई बाहेर येऊन बघत राहिल्या. "तुम्ही काय वापरता हे? मला सांगाच," म्हणाल्या. आईने डबा दाखवला, त्यांनी वास घेतला, नाक मुरडलं, दोघी हसल्या. मग आईने बहिणीच्या खोगिराची कडी घेतली. तीही तशीच सोनेरी. तीच चिंच, तोच हात. घासता घासता सोनेरी रंगच निघून यायला लागला आणि खालून करडा, मळकट, डागाडागांचा धातू दिसला.

इथे जे झालं ते आमच्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, "ही कडी पितळेची नाही का?" आई म्हणाली, "सॉरी." तिला वाटलं, लोकांची वस्तू आपण खराब केली. ती घरी येऊन जेवली नाही धड. पुढच्या शनिवारी ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानातून पेढ्यांचा बॉक्स आणून मालकीणबाईंना देऊन आली. त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "अहो, मनाला लावून घेऊ नका, नुसता वरचा रंग तर गेला." कडी त्यांनीही उलटून पाहिली नाही. आई सुटकेचा निःश्वास टाकून घरी आली आणि त्याच कडीच्या भरवशावर पोरगी आणखी काही शनिवार घोड्यावर बसली.

मी हॅरोमध्ये भाडेकरूंच्या एका गटासाठी काम करते. पत्रकं लिहिते, दारोदार वाटते, लोकांबरोबर कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेत, जाते. ओल आलेल्या फ्लॅटमध्ये मुलं खोकत असतात आणि घरमालक बाईला विचारतो, "तुम्ही घरात कपडे वाळत घालता का? फोडणी करताना खिडकी उघडता का?" भिंत गळते, आणि बाई खिडकीचा हिशेब देत बसते. मी शंभर वेळा तरी लोकांना सांगितलं असेल की असल्या प्रश्नाला उत्तर देऊ नका, भिंत दाखवा. आणि त्या सोमवारी तोच प्रश्न माझ्यादेखत माझ्या आईला विचारला गेला, आणि मी तोंड उघडायच्या आत आईने उत्तर दिलं.

"हो," ती म्हणाली. "मीच लावलं होतं."

एका हाताने तिने बहिणीचं डोकं धरलं होतं. बहीण विव्हळत म्हणत होती, "आई, इट्स नॉट यू, इट्स नॉट यू." कुणी ऐकत नव्हतं.

मी वाळूतून कडीचे दोन्ही तुकडे उचलले आणि कोटाच्या खिशात टाकले. मालकीणबाई म्हणाल्या, "ते इथेच राहू दे हं." मी म्हटलं, "नाही." पत्रकं वाटण्याच्या कामात मी पहिली गोष्ट ही शिकले की पुराव्याची वस्तू हातची सोडायची नाही.

हॉस्पिटलमधून परत आल्यावर, बहीण औषधाने झोपली तेव्हा, मी तुकडे स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवले. आई चहा टाकत होती. बघेना.

"आई, इकडे बघ. तुटलंय तिथे बघ."

"काय बघायचंय त्यात? मी आंबट लावलं, त्याने कडी खाल्ली."

"चिंचेने तुटतं का गं? तुझी लग्नातली समई किती वर्षं घासतेस? तुटली?"

"ती पितळेची आहे."

"मग तेच म्हणतेय ना मी!"

मग तिने चष्मा लावला आणि तुकडा खिडकीपाशी नेला. आतून तो धातू करडा, भुरभुरीत होता, आणि सगळीकडे बारीक बारीक भोकं. ओतताना हवा राहिलेली. आई म्हणाली, "जाळी पडलीय. ढोकळ्यासारखी."

"ती जाळी तू पाडलीस?"

"नाही," ती म्हणाली. मला वाटलं, सुटलो. पण तिने तुकडा खाली ठेवला, हात धुतला आणि म्हणाली, "पण घासताना मला दिसलं होतं ना. रंग जाताना दिसला होता. मी पेढे घेऊन गेले."



त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं, ते थोडक्यात असं. चांगली कडी स्टेनलेस स्टीलची असते किंवा भरीव पितळेची. वाईट कडी स्वस्त मिश्रधातू साच्यात ओतून करतात आणि वर सोनेरी नाहीतर चंदेरी मुलामा देतात. खोगिरावर शोभेच्या चकत्या असतात, त्या कशाच्याही असोत, पडल्या तर पडल्या. पण कडी, बक्कल, रिकीब लटकते तो जोड, म्हणजे जिथे वजन येतं तिथलं काहीही, तसल्या मिश्रधातूचं असता कामा नये. फोटोत सगळंच चमकतं. बहिणीच्या हेल्मेटच्या आत ते कसल्या कसोटीला उतरलं त्याचं लेबल आहे. त्या कडीवर एक अक्षर नव्हतं. ते खोगीर मालकीणबाईंनी ऑनलाइन घेतलं होतं, नवं कोरं, आणि "किती सुंदर आहे ना" असं आईलाच म्हणून दाखवलं होतं.

जानेवारीत मी तबेल्यात गेले. एकटीच. आई म्हणाली, "जाऊ नकोस, वाईट दिसतं." खोगिरांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. एकूणएक वेस्टर्न खोगिरांवर नव्या कड्या. स्टीलच्या, जाड, हातात घेतली तर वजन लागेल अशा. म्हणजे यांना कळलं होतं.

"तुम्ही बदलल्यात," मी म्हटलं.

"नेहमीची देखभाल," मालकीणबाई म्हणाल्या. चेहरा उतरला होता त्यांचा. दुष्ट बाई नाही ती. बहिणीला त्यांनी फुलं पाठवली होती, आणि पहिल्यांदा घोडा तिच्या अंगावर फुरफुरला तेव्हा तिला हसवलं होतं ते त्यांनीच.

"छान केलंत. आता माझ्या आईला सांगा."

"काय सांगू?"

"की कडी वाईट होती. एवढंच. एक फोन."

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "इन्शुरन्सवाल्यांनी मला काहीही बोलू नका म्हणून सांगितलंय. मी बोलले तर तबेला जाईल, गं. घोडे कुठे नेऊ मी?"

मला त्यांची दया आली, आणि दया आली याचा रागही आला. मी म्हटलं, "तुम्हाला तुमचे घोडे दिसतात. मला माझी आई दिसते." आणि निघाले. गेटपाशी पोचेपर्यंत वाटत होतं, हाक मारतील. नाही मारली.

मी पत्रक लिहिलं. घडीचं, एका पानाचं, तुटलेल्या कडीच्या फोटोसकट. छापायच्या आधी आईला वाचायला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, दोन ठिकाणी माझं इंग्रजी सुधारलं आणि म्हणाली, "छान आहे. फक्त मला काढ त्यातून."

"तूच तर आहेस त्यात."

"मला काढ. लोक म्हणतील, हिने आंबट लावलं आणि आता दुसऱ्यांवर ढकलते."

मी तिला काढलं. पत्रक वाटलं, थोड्या लोकांनी वाचलं, एका तबेल्याने कड्या तपासल्या असं कळलं. बहीण पुन्हा घोड्यावर बसायचं म्हणते. आई नाही म्हणत नाही. ती फक्त खोलीबाहेर जाते. देवाची भांडी आता बाबा घासतात.

इथे मात्र मी तिला परत घातलंय, तिला विचारून. खूप दिवस नको नको म्हणाली, मग म्हणाली, "मराठीत लिहितेस ना? मग लिही."

तर तुम्ही जे हे वाचताय, तुमचं मूल शनिवारी घोड्यावर बसत असेल, तर या शनिवारी बाहेर गाडीत बसून फोन बघू नका. आत जा. खोगिराची झालर उचला आणि कडी उलटी करा. मालकांना विचारा, ही कशाची आहे, आणि ते "चांगली आहे" म्हणाले तर पुन्हा विचारा, कशाची. खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला त्यांना कानस लावायला सांगा. वर सोनेरी आणि खाली करडं निघालं, तर त्या दिवशी मुलाला घोड्यावर बसू देऊ नका, आणि कुणाला सॉरी म्हणू नका. आणि तुम्ही स्वतः तबेला चालवत असाल, गुपचूप कड्या बदलल्या असतील, तर ज्या घरातलं माणूस पडलं त्या घरी आज फोन करा आणि म्हणा, चूक आमच्या कडीची होती. उद्या नाही. आज.