टीचरांच्या सायकलीचं मागचं चाक

फिलोमिना टीचरांमुळे मी बी.एस्सी. झालो, आणि मी बी.एस्सी. असल्यामुळे त्यांची लदीन चुकली.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. टीचरांनी मला पाचवीपासून स्वतःच्या ओसरीवर बसवून गणित शिकवलं. कॉलेजचा फॉर्मही त्यांनीच भरला, कारण माझ्या अक्षराचा त्यांना भरवसा नव्हता. पास झालो तेव्हापासून वाडीत ज्याचं काही बिघडतं, तो माझ्याकडे येतो. मिक्सर, मोबाईल, एकदा तर ठरलेलं लग्न. (माझा विषय भौतिकशास्त्र होता, हे सांगणं मी सोडून दिलं आहे.)

मे महिन्यात आमच्या टेकडीवरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लदीन असते. मेणबत्त्या लावून सगळे गात प्रार्थना म्हणतात, मग उकडलेले चणे वाटतात. पहिला सूर आधी टीचरांची आई धरायची, ती गेल्यापासून टीचर धरतात. तीस वर्षांत खाडा नाही. गुडघे दुखायला लागले तेव्हा भाच्याने गोव्याहून बुटकी इलेक्ट्रिक सायकल पाठवली. तिची मोटर मागच्या चाकातच बसवलेली असते, त्यामुळे ती चढ आपणच चढते.

त्या दिवशी चार वाजता टीचरांचा फोन आला. "दिगू, मागचं चाक बसलंय रे. सहाला लदीन."

मी पोचलो तेव्हा भिकूकाका आधीच आला होता. नाक्यावर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. टायरवर बोट फिरवून त्याने मासळीचा एक जाडजूड काटा उपटून दाखवला.

"शिंगाळ्याचो काटो. जाळी झाडतत थंयसून गेलंत मां टीचर? पाच मिन्टांचा काम. चाक काढूक नको. एका बाजून टायर उचलतंय, ट्यूब भायर ओढतंय आणि हंयच ठिगळ मारतंय."

"काका, ही साधी सायकल नाही," मी म्हणालो. "हिला हब मोटर आहे. चाक पद्धतशीर काढावं लागतं."

"झिला, मोटर चाकात आसा. भोक ट्यूबीत आसा. तुका दुरुस्त काय करूचा आसा?"

खरं तर इथेच हा लेख संपायला हवा होता. पण टीचरांनी भिकूकाकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अभिमानाने म्हणाल्या, "भिकू, तो बी.एस्सी. जालो आसा. करूंदे तेका."

त्या वाक्यानंतर मागे फिरणं मला शक्य नव्हतं. मी वायरचा जोड सोडवला, नट काढले, वायसर काढले, चाक काढलं. वायसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका ताटलीत मांडले. मग ते फार मळके दिसले, म्हणून सगळे रॉकेलच्या वाटीत टाकून स्वच्छ धुतले. क्रमही धुतला गेला.

ठिगळ भिकूकाकाने पाच मिनिटांत मारलं. चाक बसवायला मला सव्वा तास लागला. बसवून झालं तेव्हा ताटलीत एक वायसर उरला होता. त्याला एका बाजूला दात होता.

"ह्यो खंयचो?" भिकूकाकाने विचारलं.

"जास्तीचा असेल."

"कंपनी काय कोकमा विकता, वर मूठभर जास्ती घालूक?"

टीचरांनी मात्र तो वायसर रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास होता.

पावणेसहा वाजले होते. टीचर नवा झगा घालून बसल्या. बास्केटमध्ये प्रार्थनेचं पुस्तक ठेवलं आणि मूठ पिळली. तो दात चाकाचा आस जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी असतो, हे मला त्या क्षणी समजलं. चाकाऐवजी आसच गरगर फिरला, वायर त्याला तीनदा गुंडाळली गेली आणि तटकन तुटली. (क्रिया आणि प्रतिक्रिया. परीक्षेत मला याचे पैकीच्या पैकी गुण आहेत.)

वाडीतली एकमेव रिक्षा वऱ्हाड घेऊन कुडाळला गेली होती. माझ्या मोटारसायकलवर चढण्याइतका टीचरांचा गुडघा वळत नाही. मी म्हणालो, "टीचर, मी तुम्हाला उचलून नेतो."

"नको रे. आज तू पुष्कळ केलंस."

शेवटी भिकूकाकाने टीचरांनी उकडलेल्या चण्यांचं पातेलं आपल्या सायकलीला बांधलं आणि टेकडी चढला. चणे वेळेवर पोचले.

सहाला वरून आवाज आला. कुणीतरी सूर फार उंच धरला, दुसऱ्याने फार खाली. मग सगळे थांबले. टीचर पायरीवर बसून मांडीवर ताल धरत हळू गात होत्या, जणू तिथपर्यंत ऐकू जाणार होतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वरचे दुसरं कडवं विसरले." आत जाऊन उरलेले चणे वाटीत घालून माझ्यासमोर ठेवले. ते मी खाल्ले. काय करणार, नाही म्हणायचं धाडस नव्हतं.

नवी वायर आठवड्याने आली. समोर जायची लाज वाटत होती, म्हणून मी ती भिकूकाकाच्या हाती पाठवली. सोबत हे पत्र:

"आदरणीय टीचर,
स. न. वि. वि.

वायर पाठवत आहे. भिकूकाका बसवतील. मी येणार नाही, म्हणजे नीट बसेल.

त्या दिवशी मला काही येत नव्हतं. तसं सांगितलं असतं तर तुम्ही रागावला नसता, हेही ठाऊक होतं. पण तुम्ही भिकूकाकांना ज्या आवाजात 'करूंदे तेका' म्हणालात, तो आवाज मला खोटा पडू द्यायचा नव्हता. त्या नादात तुमची लदीन गेली. ती मला दुरुस्त करता येणार नाही.

पुढच्या मे महिन्यात लदीनच्या दिवशी दुपारी तीनपासून तुमच्या दारात रिक्षा उभी असेल. मी फक्त मागे बसून चण्यांचं पातेलं धरेन.

आणि चाक पुन्हा बसलं, तर कृपा करून मला कळवू नका. मी स्वतःहून विचारलं तरी सांगू नका.

आपला,
दिगू"