काढून टाकलेली जेवणावळ

दाजी गेले त्याला दोन वर्षं होत आली होती, तेव्हा सोनपेठहून ताईचा फोन आला. "लग्नाची कॅसेट चालंना गेलीय रे. तुझ्याकडं हाय का?"

ताई डीव्हीडीलाही कॅसेटच म्हणते. भाचीच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी शूटिंगवाल्यानं दिल्या होत्या, त्या चरे पडून बाद झाल्या. मी मात्र तेव्हाच त्या माझ्या परभणीच्या घरातल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या. कॉम्प्युटर आता जुना झालाय, सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. पण त्यात डीव्हीडी राइट करता येते.

लग्न साडेतीन तासांचं आणि साध्या डीव्हीडीत मावतात दोन तास. मी काटछाट केली. हळद, अक्षता, पाठवणी ठेवली आणि जेवणावळ काढून टाकली. दीड तास नुसत्या पंगती, त्यावर शूटिंगवाल्यानं गाणंसुद्धा घातलं नव्हतं. सगळा गलकाच. तो कोण बघतं?

एका ओळखीच्या माणसाबरोबर डीव्हीडी पाठवली. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन.

"चांगली झालीय," ती म्हणाली. मग विचारलं, "जेवणावळ कुठं गेली?"

"काढली. त्यात काय बघायचंय ताई?"

"बाकी सगळीकडं गाणीच हायेत. त्यांचा आवाज तेवढ्यातच हाय."

मुलीचा बाप म्हणून दाजी त्या दिवशी हातात बुंदीची बादली घेऊन प्रत्येक पंगतीतून फिरत होते. माझ्या ते लक्षातही राहिलं नव्हतं.

"दोन डीव्हीडी करतो," मी म्हणालो.

"एकच कर. मधी उठून बदलेपर्यंत मन दुसरीकडं जातंय."

एकात सगळं मावायचं तर दोन थरांची, डबल लेयर डीव्हीडी लागते. शाळेत शिकवून सुटल्यावर बाजारात चार दुकानं फिरलो. शेवटच्या दुकानदारानं माळ्यावरून धूळ झटकत तीन काढून दिल्या. "सर, आता कोण वापरतंय हे? पेनड्राइव्ह न्या की." ताईच्या प्लेअरला पेनड्राइव्ह चालत नव्हता.

पहिली डीव्हीडी निम्म्यावर, दुसरा थर सुरू होताना अडकली. तेव्हा मी त्याच कॉम्प्युटरवर पेपर वाचत होतो. दुसऱ्या वेळी बाकी सगळं बंद केलं, वेग सगळ्यात कमी ठेवला, तर लाईट गेली. तिसरी शेवटची होती. ती घालून मी समोर नुसता बसून राहिलो, माउसलाही हात लावला नाही. आकडा एकेक टक्क्यानं सरकत होता. निम्म्यावर तो बराच वेळ थांबला आणि मग पुढं गेला. दाजींशेजारी असा रिकाम्या हातांनी इतका वेळ मी कधी बसलो होतो, ते आठवून बघितलं. आठवलं नाही.

या वेळी डीव्हीडी घेऊन मी स्वतःच सोनपेठच्या एसटीत बसलो. ताईनं दार लोटून घेतलं, टीव्ही लावला. मध्येच चित्र क्षणभर थांबलं, तेव्हा तिनं घाबरून माझ्याकडं बघितलं.

"दुसऱ्या थरावर जायलीय," मी सांगितलं. "येईल आता."

आणि पंगत आली. गलक्यातून दाजींचा घोगरा आवाज वर आला, "घ्या की पाव्हणं, लाजायलाव कशाला!" ताई तोंडावर पदर धरून हसली. डोळे पुसले, पुन्हा हसली.

तिसऱ्या पंगतीत मी बसलेलो दिसलो. दाजी बादली घेऊन माझ्यासमोर थांबले, वाकून काहीतरी म्हणाले. मी पत्रावळीवर हात आडवा धरला आणि वर न बघताच शेजाऱ्याशी बोलत राहिलो. दाजी क्षणभर तसेच उभे राहिले आणि पुढं गेले.

"काय म्हणाले गं?"

ताईनं रिमोटनं मागं घेतलं. आम्ही दोघंही टीव्हीजवळ सरकलो.

"राहा की मास्तर आजच्या दिवस," दाजी म्हणत होते. "उद्या निवांत बोलत बसू."

त्या दिवशी मी संध्याकाळच्या गाडीनं परतलो होतो. घाई कशाची होती, तेही आता सांगता येत नाही.

"ते असंच म्हणायचे सगळ्यांना," ताई म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असावी. मग तिनं आवाज वाढवला आणि पुढची पंगत बघायला लागली.