उलटून पाहणारी आत्या

माझी गंगाआत्या कुठलीही वस्तू आधी उलटी करून पाही. लुगड्याची मागची बाजू, भाकरीचं बूड, कासाराकडच्या पितळी गुंडीचा तळ. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा बाकीचे ओसरीवर टेकले आणि आत्या तडक परसात गेली. "पुढून साऱ्यांचंच घर सारवेल असते," ती म्हणे. "पाहाव तं मांगून पाहाव."

तिच्या संशयातून सख्खं-चुलत कुणी सुटत नसे. मी घरचं दूध नेऊन दिलं तरी ती त्यात बोट बुडवून पाही. विश्वास टाकला तो एकाच माणसावर, नवऱ्यावर. आमच्या आतोबांची मेंढरं होती. एकदा बुलढाण्याला साहेबाच्या बंगल्यावर अर्ज घेऊन गेले, तर पट्टेवाल्याने त्यांना गालिच्यावरून खाली उतरवलं. घरी येऊन ते हसत सांगत होते, "आपल्याच मेंढराची लोकर असन त्यात, अन् मलेच उठवते." आत्या मात्र हसली नाही.

आतोबा गेल्यावर तिने मेंढरं विकली, पण शेवटची कातरलेली लोकर ठेवून घेतली. वर्षश्राद्धाला त्यांच्या बसायच्या जागी त्याच लोकरीचा गालिचा पसरायचा, असं तिने मनाशी धरलं होतं.

आमच्या देऊळघाटात गाठी मारून गालिचा विणणारा एकटा यूसुफ. मारामारीत सजा झाली आणि जेलात साहेबलोकांचे गालिचे करता करता तो शिकला. म्हणजे आत्याच्या संशयाला आयतंच कुरण. तिने लोकरीचं पोतं तोलून दिलं, वर एक मूठभर लोकर नमुना म्हणून घरी लपवली, आणि रोज भाकरी बांधून त्याच्या मागाजवळ बसू लागली. तीही मागाच्या मागच्या बाजूला. यूसुफ गाठ मारी, सुरीने धागा कापी आणि हसत म्हणे, "माय, जेलचा शिपाई बी दुपारी झोपे."

गालिचा वीतभर विणायचा राहिला आणि लोकर संपली.

"पोतंभर लोकर कुठी गेली बे?" आत्याने त्याच्या बायकोसमोरच विचारलं. "जेलात हेच शिकला काय?"

यूसुफने सुरी खाली ठेवली. "धुतल्यावर लोकर घटते, माय. तिच्यातलं तेल जाते, माती जाते."

"मले मेंढरं शिकवतं?"

त्याने मागावर चादर टाकली आणि बाहेर जाऊन बसला. श्राद्ध तोंडावर आलेलं, आणि गावात तर चोरीची बातमी पोचलीसुद्धा.

आत्याच्या घरची लोकर कातरली की तशीच विकली जाई; ती कधी कुणी धुतली नव्हती. यूसुफला खोटं पाडायचं म्हणून तिने ती लपवलेली मूठ रिठ्याच्या पाण्यात धुतली, उन्हात वाळवली. जेमतेम चिमूटभर राहिली. आत्या उठली आणि आतोबांचं घोंगडं काढलं. ते उशाला घेतल्याशिवाय तिला झोप लागत नसे. तेच ती उसवायला बसली. मला पाहवेना.

धाग्यांचा गुंडा घेऊन ती यूसुफकडे निघाली, तेव्हा मीही सोबत गेलो. माफी मागणं तिला जन्मात जमलं नाही. म्हणाली, "हे त्याईचं घोंगडं आहे. हे धुऊ नको."

यूसुफने गुंडा दोन्ही हातांनी घेतला. "हाव, माय." त्याने मागाच्या पाठीमागे तिच्यासाठी नेहमीचं पोतं अंथरलं.

आत्याने पोत्याकडे पाहिलं. "तू गाठी मार. मले घरी काम आहे," म्हणाली आणि निघाली. घरी काही काम नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

श्राद्धाच्या दिवशी गालिचा पसरला. घोंगड्याच्या धाग्यांची शेवटची वीत जरा जास्त काळी दिसत होती. गावाने चोर ठरवलेल्या यूसुफला आत्याने सगळ्यांदेखत त्यावर बसवलं. माणसं पांगल्यावर मी, तिच्याच तालमीत वाढलेला, पाठ बघायला म्हणून गालिच्याचा कोपरा उचलला. आत्याने माझ्या हातावर चापट मारली.

"राहू दे," ती म्हणाली. "हा उलटून पाहायचा नाही."