हलगीच्या आवाजातलं नाव

सांगलीच्या घराच्या वास्तुशांतीला आईने उखाणा घेतला होता. त्याच्या व्हिडिओतला तिचा आवाज वाढवण्यात माझे कितीतरी रविवार गेले.

वास्तुशांतीनंतर वर्षभरात मिरजेला तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले, त्यांचे कान निम्मे तिथेच राहिले. उभ्या संसारात आईने त्यांचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. 'आवं' एवढ्यावर भागवलं. घेतलं ते एकदाच, या उखाण्यात, आणि नेमका तेव्हाच बायकांनी गलका केला, दारातल्या हलगीवाल्याने हलगी घुमवली. वडिलांना ते नाव ऐकायचं होतं.

मी संगणकावर एडिटिंगचा प्रोग्रॅम टाकून घेतला. आधी सगळ्या क्लिपचा आवाज सहा डेसिबल वाढवला. आईबरोबर हलगीही सहाने वाढली. दोघींमधला फरक होता तेवढाच राहिला. हिशेब सरळ होता, पण मला तो करून बघितल्यावर कळला. मग क्लिपचे तुकडे केले. आईच्या ओळी वर नेल्या, मधली हलगी खाली आणली. ओळी स्वच्छ झाल्या. नावाच्या जागी मात्र सगळे आवाज एकात एक. हलगी गाळली की बायका उरायच्या, बायका दाबल्या की काहीच उरायचं नाही. आठवडाभर ऑफिसात आकडे, रविवारी पुन्हा हे आकडे. मान धरायची. वडील हेडफोन लावून ऐकायचे, काढून ठेवायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "नाव न्हाई आलं."

एका रविवारी दुपारी आई मेथी निवडत आमच्या मागे येऊन बसली. नावाची जागा मी पुन्हा पुन्हा लावत होतो. तिने माझ्या खांद्यावर टिचकी मारली आणि पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर ती तोंडाला पदर लावून उभी होती. आता इथेही तिने तसाच पदर लावला, ओठ घट्ट मिटले आणि पदर हळूच बाजूला करून मला ते मिटलेले ओठ दाखवले.

"नाव घेतलंच न्हाईस तू?"

तिचे खांदे हसण्याने हलले.

मी वडिलांना मोठ्याने सांगितलं. ते तिच्याकडे वळले.

"एवढ्या बायकांला फसवलंस," ते म्हणाले. "आन् मला बी."

ती मेथी निवडू लागली. जे मुळात उच्चारलंच नव्हतं, त्याला मी इतके रविवार डेसिबल लावत होतो. प्रोग्रॅम बंद करून आडवं व्हावंसं वाटलं.

"वरच्या ओळी लाव," वडील म्हणाले. "पदराच्या आधी थांबव."

मी तिथे क्लिप कापली. त्यांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि आवाज आणखी वाढव म्हणून बोटाने खूण केली. आवाजाची पट्टी आधीच टोकाला होती. मी माऊसवर नुसता हात ठेवून बसलो.