सफर महिन्यात गेलेली रिक्षा

जोगेश्वरीच्या एका रिक्षाचोरीची फिर्याद अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात चार ओळीही आल्या नाहीत. पण त्या रिक्षेपायी एका नव्या नवरीचा संसार मोडायची वेळ आली होती.

मी तेव्हा अंधेरीकडच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून बसलो होतो, तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी आवाज चढला. फिर्यादी साठीकडे झुकलेले रिक्षावाले चाचा होते. मूळचे रत्नागिरीकडचे मुसलमान, बोलणं मराठीतच. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाला उठले तर घरासमोरची रिक्षा जागेवर नव्हती. बरोबर बायको आणि मुलगा होते. अंमलदाराने नेहमीचा प्रश्न विचारला, "कोणावर संशय?"

चाचा "नाही" म्हणायच्या आत चाची बोलल्या, "आहे ना. सुनेवर लिहा."

"सुनेने रिक्षा चोरली?"

"चोरली नाही हो, तिचं पाऊल! सफरमध्ये निकाह केला ह्यांनी. मी सांगत होते, तेरा तेजी जाऊ दे. ऐकलं नाही."

सफर हा मुसलमानी वर्षाचा दुसरा महिना. त्याचे पहिले तेरा दिवस जड असतात अशी पुष्कळांची समजूत आहे आणि त्यांनाच तेरा तेजी म्हणतात. त्या दिवसांत लग्न नको, नवं काम नको.

"हॉल मिळाला म्हणून तारीख धरली, साहेब," चाचा म्हणाले.

"हॉल रिकामा का होता, ते मात्र कळलं नाही ह्यांना!" चाची म्हणाल्या. "गाडीचा नंबर ७८६ होता. आरटीओत जास्तीचे भरून घेतलेला. असा नंबर असून गाडी जाते, म्हणजे केवढा भार आला असेल बघा."

"अगं, गप. साहेबांना रिक्षा शोधू दे. सून कुठे हरवलीय? ती घरात आहे."

"घरात नाही. सकाळीच घाटकोपरला माहेरी पाठवली. गाडी मिळेपर्यंत तिथेच राहू दे."

चाचांना हे तिथेच कळलं. ते मटकन बाकावर बसले. मुलगा मरोळच्या एका कारखान्यात कामाला होता. बाहेर पडताना मला हळूच म्हणाला, "साहेब, गाडी नाही मिळाली ना, तर अम्मी तिला परत घ्यायची नाही. आणि मी अम्मीपुढे बोललो तर घरात रोज भांडण."

गुन्हा नोंदवला, नंबर वायरलेसवर दिला, खबऱ्यांना कामाला लावलं. कुलूप तोडल्याची खूण नव्हती, म्हणजे चावी वापरलेली. पुढे काही सरकेना. चोरीची गाडी हाती लागली की चोर आधी नंबरप्लेट उतरवतो आणि नाल्यात टाकतो. मग एका रंगाच्या हजारो रिक्षांतून एक ओळखायची कशी?

अशात मरोळच्या एका मशिदीच्या इमामांचा फोन आला. मुसलमान वस्त्यांत भिंतींवर पेट्या टांगलेल्या असतात. कुराणातल्या ओळी किंवा अल्लाचं नाव छापलेला कागद पायदळी जाऊ नये म्हणून लोक तो त्या पेटीत टाकतात. पुढे ते सगळे कागद अदबीने पुरतात किंवा पाण्यात सोडतात. इमामांच्या मशिदीची पेटी रिकामी करताना हिरव्या कापडात गुंडाळलेली रिक्षाची प्लेट निघाली होती.

हवालदाराला घेऊन गेलो. नंबर आमच्याच फिर्यादीचा. पंच बोलावून पंचनामा केला, प्लेट जुन्या वर्तमानपत्रात बांधून ताब्यात घेतली. मग इमामांना विचारलं, "प्लेट पेटीत कशाला टाकली असेल?"

"७८६ मुळे. टाकणाऱ्याला ते पाक वाटलं, नाल्यात टाकायचा धीर झाला नाही."

"आणि ते पाक नाही?"

इमाम हसले. "अरबीत प्रत्येक अक्षराला एक आकडा मानायची जुनी रीत आहे. 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम', म्हणजे अल्लाच्या नावाने सुरुवात, ह्याची सगळी अक्षरं घ्या, बेरीज ७८६. चिठ्ठीपत्रीवर अल्लाचं नाव लिहिलं आणि ती कुठे पडली तर बेअदबी, म्हणून लोक आकडा लिहू लागले. सोय होती ती. कुराणात नाही, पैगंबरांच्या वचनांत, हदीसमध्ये नाही. बिस्मिल्ला तोंडाने म्हणायचं असतं, साहेब, गाडीला टांगायचं नसतं."

मला आकड्यांची आवड आहे. मी म्हटलं, "म्हणजे ज्या कुठल्या शब्दांची बेरीज ७८६ येईल, ते सगळे सारखेच पवित्र?"

"तेच मी जुम्याला, शुक्रवारच्या नमाजाला सांगतो. लोक मान डोलावतात आणि बाहेर जाऊन ७८६ ची नोट शोधतात."

मग मी सफरचं विचारलं. ते एकदम गंभीर झाले. "सफरला मनहूस मानायची चाल इस्लामच्या आधीची. आमच्या पैगंबरांनी साफ सांगितलंय की सफरमध्ये अशुभ काही नाही. तरी लोक तेरा मोजतातच." चाचींच्या सुनेची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

समोरच्या बेकरीच्या कॅमेऱ्यात एक माणूस दिसला. पेटीपुढे त्याने चपला काढल्या, डोक्यावर रुमाल घेतला, गुंडाळी डोळ्यांना लावली आणि आत सोडली. अदबीने घेतलेल्या त्या रुमालानेच त्याचा चेहरा झाकला होता. अंगावर मात्र गॅरेजात घालतात तसला डगला होता. चाचांना विचारलं, रिक्षा दुरुस्तीला कुठे देता? ते म्हणाले, मरोळलाच.

त्या गॅरेजमधल्या मेकॅनिकला चौकशीला बोलावलं. तो तिशीचा, अंगाने बारीक, बोलायला तिखट होता.

"चाचांची गाडी? साहेब, शंभर गाड्या येतात. वाट लागलीय कामाची. मी कशाला चोरू?"

"पेटीत काय टाकलंस?"

"कुठली पेटी? मी त्या गल्लीत जात पण नाय."

मी आवाज चढवला नाही. चढवला की माणूस सावध होतो. इकडचं तिकडचं विचारत राहिलो. तेवढ्यात आमचे हवालदार चहा घेऊन आले. ते वेंगुर्ल्याचे, अघळपघळ माणूस. टेबलावर जागा नव्हती, म्हणून प्लेट बांधलेल्या वर्तमानपत्राच्या त्या पुडक्यावर ग्लास टेकवू लागले.

"साहेब, त्याच्यावर नको!" मेकॅनिक अर्धा उठला.

हवालदार ग्लास तसाच धरून म्हणाले, "कित्याक रे? तुझा काय आसा त्याच्यात?"

पुडकं त्याच्यापुढे कोणी उघडलं नव्हतं; आत प्लेट आहे हे ती टाकणाऱ्यालाच सुचावं. मेकॅनिकने एकदा पुडक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खाली बसला.

"चोरी करताना कचरला नाहीस, आणि हे टाकवेना?" मी विचारलं.

"चोरीची माफी मागता येते, साहेब," तो म्हणाला. "ह्याची बेअदबी केली असती तर झोप लागली नसती."

दुरुस्तीला आलेली असतानाच त्याने चावीची नक्कल करून घेतली होती. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. त्याने स्वतः माल दाखवला, तर त्याला असते. पंचांसमक्ष त्याने आम्हाला भांडुपला नेलं आणि एका बंद शेडमधली रिक्षा दाखवली. तिला दुसरी प्लेट लावली होती, पण इंजिन आणि चासीचे नंबर जुळले.

कोर्टाच्या आदेशाने सुपुर्तनाम्यावर, म्हणजे जपून ठेवायची लेखी हमी घेऊन, रिक्षा चाचांना परत दिली, त्या दिवशी सगळे ठाण्यात आले. इमामांनाही मी मुद्दाम बोलावलं होतं. चाचींचे डोळे भरून आले होते. "बघा, नंबरानेच परत आणली!"

इमाम म्हणाले, "बहन, नंबराने काही केलं नाही. चोर चुकला आणि पोलिसांनी मेहनत केली."

चाचींना ते पटलेलं दिसेना. मग मी म्हटलं, "चाची, मी आमच्या ठाण्याच्या हद्दीतल्या वाहनचोऱ्या मुसलमानी महिन्यांप्रमाणे लावून पाहिल्या. सफरमध्ये काही जास्त होत नाहीत. बरं, आज महिना कुठला?"

"सफरच. संपत आलाय."

"म्हणजे सफरमध्ये गेलेली गाडी सफरमध्येच परत आली. गेली तेव्हा पाऊल सुनेचं, मग आली तेव्हा कोणाचं?"

चाचींनी चाचांकडे पाहिलं. चाचा छताकडे बघू लागले. इमाम दाढी कुरवाळत होते. मग चाची मुलाला म्हणाल्या, "तिला फोन लाव. नको, मलाच दे." आणि फोनवर, "बाय गं, तयार राहा. आम्ही येतोय घ्यायला."

पोरगा गालात हसत म्हणाला, "अम्मी, महिना संपू दे ना, तुलाच बरं वाटेल."

"गप रे! मौलाना समोर बसलेत."

ह्या प्रकरणानंतर मी कोणाच्या समजुतीला हसत नाही. अमावास्येला नवी गाडी घरी आणू नये म्हणणारी माणसं माझ्याच घरात आहेत. प्रत्येक चौकशीत मी एक गोष्ट मात्र शोधू लागलो: हा माणूस कशाला भितो? कायदा मोडणाराही काहीतरी जपत असतो, आणि बहुतेकदा तिथेच तो सापडतो. पण आपण जपलेल्या भीतीची किंमत भलतंच कोणी भरत असेल, तर मधे पडावं. नुसतं शिकवून माणूस बदलत नाही. त्याच्याच हिशोबातली चूक त्याला दाखवावी आणि थोडा वेळ गप्प बसावं.

ठाण्याच्या फाटकातून रिक्षा निघाली. हँडलवर मुलगा होता, मागे चाचा आणि चाची. वळणावर चाचींनी डोकं बाहेर काढलं आणि ओरडून सांगितलं, "साहेब, ह्या जुम्याला बिर्याणी! सून करणार आहे!"