ब्रेकबद्दलचं एक वाक्य

तुमची आई धाकट्या आजोबांशी बोलत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. व्हिडिओ कॉलवर ते माझ्यामागे दिसले की तिचा आवाज बदलतो आणि बोलणं लवकर संपतं. मामाचा अपघात त्यांच्या हातून झाला असं तिला वाटतं. ते खरं नाही. काय झालं ते क्रमाने लिहिते. मराठी अडली तर आईकडून वाचून घ्या. तिनेही वाचावं म्हणूनच लिहिते आहे.

मावला या आमच्या गावच्या वस्तीत इंग्रजी कागद माझ्याकडे येतात. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि माझ्या वेळी वस्तीत इंग्रजी येणारी मी एकटीच होते. रविवारी विहारात वंदना झाली की लोक ओट्यावर बसतात. कोणाची नेमणुकीची ऑर्डर, कोणाचा दवाखान्याचा रिपोर्ट. माझी पद्धत ठरलेली. आधी इंग्रजी मोठ्याने वाचायचं, मग अर्थ सांगायचा, आणि मधली एकही ओळ सोडायची नाही. एका बाईला तिच्या नवऱ्याचा आजार मी असाच, तोंडावर वाचून दाखवला आहे.

मामा, माझा मुलगा, जैनथ गावाकडच्या शाळेत शिक्षक होता. त्याची जुनी गाडी थकली तेव्हा त्याने नागपूरला एक वापरलेली अमेरिकन मोटारसायकल पाहिली. काळी, बुटकी, रुंद. माझे दीर, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा, बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक. त्यांचं मत जपानी गाडीकडे. आठ दिवस अंगणात दुसरा विषय नव्हता.

“अबे, ते गाडी हाये का रेडा?” दीर म्हणायचे. “उनात उभी राह्यली तं मांडी भाजते मन्तात. काऊन घेऊन राह्यला?”

“काका, तुमची जपानी शिलाई मशिनीवानी वाजते. कोण चाललं ते समजत बी नाई.”

“समजून काय करतं? तू मास्तर हायेस का वरात?”

“इंजन पाहा ना तिचं.”

“पाह्यलं. पार्ट कुठून आणशीन? अमेरिकेतल्या बहिणीले पार्सल कराले लावशीन?”

“लावतो. नाई तरी चॉकलेटच तं पाठवते.”

मीही हसले. तुमच्याकडे आले होते तेव्हा तिथे पांढऱ्या दाढीची माणसं अशा गाड्यांवर जोडीजोडीने, सावकाश जाताना पाहिली होती. जड गाडी घेणारा माणूस बेताने चालवतो, असं माझं मत झालं होतं.

शेवटी दीरांनी एका इंग्रजी मासिकातल्या लेखाची प्रिंट काढून आणली. त्यात दोन्ही गाड्यांची तुलना होती. “वैनी वाचतीन. त्यात जे निघंन ते आपल्याले मंजूर,” ते म्हणाले. मामाही कबूल झाला.

रविवारी सात-आठ माणसांसमोर मी वाचायला घेतलं. अमेरिकन गाडीची घडण, लांबच्या रस्त्यावरची बैठक, तिचा रुबाब. जपानी गाडीचा भरवसा, कमी पेट्रोल, कुठेही मिळणारे पार्ट. लेख दोन्हीकडे झुकत झुकत चालला होता. मग एक वाक्य आलं. या वजनाला पुढचा ब्रेक अपुरा आहे आणि ओल्या, खराब रस्त्यावर गाडी थांबायला बरंच अंतर घेते, अशा अर्थाचं. ते नजरेखालून गेलं आणि मी मान वर केली. मामा माझ्याकडे पाहत होता.

तुमची आई परदेशी गेली तेव्हा घरी कोणी तरी हवं म्हणून तो थांबला. हैदराबादची नोकरी सोडली. तुमच्या आजोबांचं अंथरुणातलं सगळं त्याने केलं, लग्न राहून गेलं. स्वतःसाठी त्याने मागितलेली ही पहिलीच वस्तू होती. मी पुढच्या वाक्यावर गेले.

मी वाचलं त्यात अमेरिकन गाडीचा मोठा दोष निघाला नाही. दीर म्हणाले, “आता काय बोलता. घेऊन ये बाबा तुया रेडा.” सगळे हसले. मामा सगळ्यात जास्त.

गाडी वर्षभर चांगली चालली. या भागात तिचा मेकॅनिक नव्हता, म्हणून दीरच तिची देखभाल करत. कापूस निघायच्या दिवसांत त्यांनी अंगणात बसून तिचं ब्रेक ऑइल बदललं. त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी शाळेत जाताना, अवकाळी भुरभुर चालू होती. ट्रॅक्टरांच्या चाकांनी वावरातली काळी माती डांबरावर ओढून आणली होती. पुढे कापसाची ट्रॉली वळणासाठी थांबली. मामाने ब्रेक दाबले होते. मागून येणाऱ्या ऑटोवाल्याने लाल दिवा पेटलेला पाहिला. गाडी थांबली नाही.

मामाच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे स्मरणवंदनेच्या, दिवशी मांडवात पुरुषांचं तेच सुरू झालं. अमेरिकेची गाडी दिसायलाच असते. जपानी असती तर पोरगा वाचला असता. गाडी कोणतीही असो, त्या चिखलात काय करणार. दीर एका खुर्चीवर होते. ते उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “वैनी, त्या लेखात ब्रेकचं काई लिवलं होतं का?”

“नाही, भाऊजी,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ब्रेक मीच खोलले होते.” तुमच्या आईने तेच ऐकलं. मी तिच्या शेजारी बसले होते.

त्याला दोन वर्षं झाली. दीरांनी हत्यारं डेपोतल्या एकाला देऊन टाकली. अंगणात कोणाची गाडी बंद पडली तरी ते आत जातात. ब्रेक ऑइलचा रिकामा डबा तेवढा ठेवला आहे. तो घेऊन ते माझ्याकडे येत आणि वरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचायला लावत. ऑइल बरोबरच होतं. मी दर वेळी तसं सांगे. “मंग पाइपात हवा राह्यली असंन,” ते म्हणत.

गेल्या महिन्यात ते पाचव्यांदा आले. मी डबा हातात घेतला नाही. त्यांना बसवलं आणि त्या गाळलेल्या वाक्याचं सांगितलं.

त्यांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाले, “पुरं सांगा.” मी सांगितलं. “इंग्रजीत सांगा.” त्यांना इंग्रजी येत नाही, तरी सांगितलं. शब्दन् शब्द पाठ होता.

“मी त्याले घेऊच देली नसती, वैनी.”

“माहीत आहे.”

“तुमी मांडवात बी नाई मनल्या.”

चहा न घेता ते गेले. विहारात आता ते दुसऱ्या टोकाला बसतात. त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. परवा एका मुलीचा रिपोर्ट मी हातात घेतला तेव्हा ते तिकडून तिच्या आईला म्हणाले, “बाई, खालची ओळ बी वाचून घ्या.” लोकांना ते साधं वाटलं. मी वाचली. वस्तीला मीच सांगायचं आहे, आणि येत्या रविवारी सांगेन.

त्याआधी तुमच्या आईने त्यांना फोन करावा. माझ्या फोनवर नको, त्यांच्या. संध्याकाळी पाचनंतर ते घरी एकटेच असतात. मला तिने कधी करायचा, करायचा की नाही, ते तिचं तिने ठरवावं.