रोडग्यांचा धूर

जीप शाळेच्या वळणाला लागली तेव्हा विहारामागच्या मैदानातून धुराचा मोठा लोट उठला होता. सुधाकर माझ्या अंगणात उभा राहून तो पाहत होता. पाहुणीसाठी आणलेला झेंडूचा हार त्याच्या हातात होता. तो त्याने बाजेवर ठेवून दिला.

"कोणाचं जळून राह्यलं रे?" मी विचारलं.

"माह्यं, काकू," तो म्हणाला.

त्या जीपमध्ये परदेशातल्या एका संस्थेची बाई होती. आमच्या वस्तीत शेण जाळणं कमी झालं की नाही, हे पाहायला ती आली होती. आणि गावच्या माणसांनी तिच्याच मानासाठी गोवऱ्यांचा ढीग पेटवून रोडगे लावले होते. रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, तुपात बुडवायचे, वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. आमच्याकडे मोठा पाहुणा आला की हेच. ते गॅसवर होत नाहीत.

यात कोणाची लबाडी नव्हती. आदल्या दिवशी सुधाकरनेच घरोघरी फिरून सांगितलं होतं, "उद्या कोणाच्या घरातून धूर निघाला नाही पाहिजे. अन् भिंतीवर, ओट्यावर एकही गोवरी दिसली नाही पाहिजे." गावाने त्याचं ऐकलं. कोणाच्या घरातून धूर निघाला नाही. भिंतीवर गोवरी राहिली नाही. साऱ्या वस्तीच्या गोवऱ्या शामरावने बंडीत भरून मैदानात नेल्या. शामराव आमच्या गावचा पंगतीचा माणूस. लग्न असो, तेरवी असो, चुलाण्याजवळ तोच. एवढ्या गोवऱ्या आयत्या हाती आल्यावर तो दुसरं काय करणार होता?

सुधाकर माझ्या शेजारचा. घाटंजीच्या पुढे आमचं गाव, कोरडवाहू, कापसाचं. शिकून तो यवतमाळला एका संस्थेत नोकरीला लागला होता. पगार होता, बायको होती, मुलगी होती. त्याची माय गावात चुलीपुढे खोकत खोकत मेली. त्यानंतर त्याने नोकरी सोडली आणि मायच्या घरात येऊन राहिला. बायको म्हणाली, मी खेड्यात येत नाही. ती नागपूरला शाळेत शिकवत होती, तिचंही चूक नव्हतं. तो म्हणाला, एवढी ग्रँट मिळाली की येतो. ग्रँट म्हणजे बाहेरच्या देशांतून कामासाठी मिळणारा पैसा, परत न करायचा. हे मला त्यानेच समजावलं. मी चौथी शिकले आहे. मला वाटलं होतं, असा पैसा जगात नसतोच.

"असतो, काकू. लई असतो," तो म्हणायचा. "त्याले फकत घाटंजीचा रस्ता मालूम नाही."

जवळचे पैसे घालून त्याने आधी पाच-सात घरी गोबरगॅसच्या टाक्या बसवल्या. पहिली माझ्याकडे, कारण माझ्या दारी म्हैस होती आणि बैलजोडी होती. उरलेल्या घरांसाठी तो पैसा शोधत होता. एस. टी.ने यवतमाळला जायचा, कॉम्प्युटरच्या दुकानात बसायचा, कोणत्या देशात कोण कशाला पैसा देतं ते पाहून यायचा. वीज गेली की दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा. परत आला की माझ्याकडे चहा प्यायला. चहा गॅसवरचा पाहिजे, म्हणजे टाकी चालू आहे हे त्याला कळे.

"तिकडं बी हंगाम असते, काकू. मागच्या साली बायका चालत होत्या. त्याच्या आधी पाणी. यंदा हवामान निघालं."

"मग आपली टाकी कशात येते?"

"टाकी साऱ्यात येते. शेण तेच, नाव बदलवा लागते."

एकदा तो माझ्या ओट्यावर बसून अर्ज लिहीत होता. सकाळी किती वाजता उठता, सरपणाला किती लांब जात होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं का, सगळं विचारलं. मग मान वर करून म्हणाला, "झालं. आता तुमी इंग्रजीत आहात."

"कशी दिसते मी इंग्रजीत?"

"गरीब दिसता."

"अन् मराठीत काय शेठाणी दिसते काय रे?"

तो हसला. तो हसायचा तेव्हा आवाज होत नसे, खांदे तेवढे हलत. घरात दुसरं माणूस नसलं की माणूस असा हसायला शिकतो. मला ते ठाऊक आहे. माझा नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

गाव त्याला डॉलर म्हणायचं. "डॉलर आला का रे?" असं पारावरून कोणी ओरडलं की तो म्हणायचा, "निघाला आहे, वणीपर्यंत पोचला." त्याची सगळ्यांत चमत्कारिक सवय म्हणजे नकार आला की तो आभाराचं उत्तर पाठवायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "नाही म्हणणाऱ्याले कायचे आभार?"

"काकू, इथं जिल्ह्यात मी दहा दारं ठोकतो, कोणी नाही बी म्हणत नाही. दारच उघडत नाही. त्यानं सातासमुद्रापलीकडून माह्यं नाव लिहून नाही म्हटलं. उत्तर द्याले पाहिजे."

ज्याला नकारातही सोबत वाटते, त्याच्याशी काय भांडायचं?

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, आणि आमच्या जिल्ह्यात गाड्या फार यायच्या. कोणी औषध पिऊन मेलं की त्या घरापुढे धुराळा. कॅमेरे, पुढारी, साहेब. ज्या घरात माणूस जिवंत होता तिथे कोणी उतरत नसे. सुधाकर ते पाहायचा आणि म्हणायचा, "मरणावर पैसा भेटते, काकू. मले जगण्यावर पाहिजे."

आणि मग खरंच एका संस्थेने होकाराकडे मान झुकवली. आमची माणसं येऊन पाहतील, मग ठरवू, असं कळवलं. सुधाकरच्या जवळचं सगळं तोवर संपलं होतं. तो मला म्हणाला, "हे झालं तर साऱ्या वस्तीच्या चुली विझतात. नाही झालं तर मी नागपूरले जातो, बायकोच्या घरी भांडे घासतो."

"आताच काहून नाही जात?"

"रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

तर असा तो दिवस, आणि असा तो धूर.

बाई जीपमधून उतरली. उंच, उन्हाने लाल झालेली, पायात कॅनव्हासचे जोडे. तिच्याबरोबर नागपूरचा एक दुभाषा होता. शामराव राखेने भरलेल्या हातांनी धावत आला आणि "जयभीम, मॅडम, जयभीम!" म्हणत तिला थेट धुराकडेच घेऊन गेला. सुधाकर मागून चालला, त्याच्यामागे मी. बाईने ढिगाकडे बोट करून काही विचारलं. सुधाकरने इंग्रजीत बराच वेळ सांगितलं. बाईने मान हलवली, वहीत काही लिहिलं. शामरावने राखेतून रोडगा काढला, फोडला, तुपात बुडवून तिच्या हातावर ठेवला. तिने तो मिटक्या मारत खाल्ला. दुसरा मागितला. शामराव माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पंचफुलाबाई, ग्रँट पक्की! बाईनं दुसरा मांगला!"

मी म्हटलं, "चूप बस."

जेवणानंतर ती माझ्या घरी आली. टाकी पाहिली, शेगडी पाहिली, मी गॅस पेटवून दाखवला. निळी ज्योत नीट आली. बाईच्या तोंडावर बरं वाटल्यासारखं दिसलं. ती अंगणात गेल्यावर दुभाष्याने सुधाकरला बाजूला घेतलं. मी तिथेच होते. मी बाई माणूस, अडाणी असेन असं धरून त्याने आवाज खाली केला नाही.

"हे बघा, धुराचं अवघड झालंय. पण मार्ग आहे. यांच्याकडे आत्महत्याग्रस्त कुटुंबांसाठी वेगळा पैसा आहे, या जिल्ह्यासाठीच. तुमच्या टाक्या त्यात बसवू." मग माझ्याकडे वळला. "मावशी, तुमचे मालक कशाने गेले?"

"सापानं," मी म्हटलं. "पऱ्हाटीत. वीस वर्षं झाली."

"औषध वगैरे घेतलं नव्हतं?"

"साप चावला म्हणते ना मी."

तो सुधाकरला म्हणाला, "वीस वर्षांपूर्वीचं कोण तपासतंय? शेतकरी होता, शेतात मेला. वस्तीत आणखी चार-पाच विधवा असतीलच. तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी मी बोलतो."

सुधाकरने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला त्यात फार काही वाटलं नव्हतं. मेलेला माणूस मेला. त्याच्या नावाने साऱ्या वस्तीत गॅस येत असेल तर येऊ दे, असं माझ्या मनात आलंही. सुधाकर मात्र माझ्या शेगडीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "नाही साहेब. याईचा माणूस सापानं मेला. तो सापानंच मेलेला राहू द्या."

"तुमचं नुकसान आहे."

"आहे."

"काय फरक पडतो हो?"

"जे खरंच औषध पिऊन मेले, त्याईच्या घरचा पैसा आहे तो," सुधाकर म्हणाला. "माह्या चुलीसाठी कसा घेऊ?"

दुभाषा खांदे उडवून बाहेर गेला. जीप गेली. मैदानात धूर बराच वेळ राहिला, गोवऱ्यांचा धूर लवकर जात नाही.

उत्तर पावसाळ्याआधी आलं. कामाचा परिणाम गावात पुरेसा दिसला नाही, म्हणून पैसा देता येत नाही. त्याने मला ते मराठीत वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी यवतमाळला जाऊन आभाराचं उत्तर पाठवून आला.

शामरावला कोणीतरी सगळं समजावलं. तो सुधाकरच्या दारी गेला आणि खाली मान घालून उभा राहिला. मी माझ्या ओट्यावरून पाहत होते. सुधाकर म्हणाला, "रोडगे चांगले झाले होते, शामराव." एवढंच. शामराव घरी जाऊन रडला, असं त्याची बायको सांगत होती. त्यानंतर पारावरून डॉलर अशी हाक कोणी मारली नाही. ते मला बरं वाटलं नाही. चिडवणं थांबलं आणि त्याच्याशी बोलणंही थांबलं. गावाला त्याच्यापुढे उभं राहायला लाज वाटू लागली, आणि लाज वाटली की माणसं दुसऱ्या गल्लीने जातात.

तो नागपूरला गेला नाही. मायच्या घरात राहिला, घाटंजीला शिकवण्या घेतल्या, अर्ज करत राहिला. बायको दोनदा आली, मुलीला घेऊन आली, परत गेली. संध्याकाळी तो माझ्याकडे चहा प्यायचा. कधी बोलायचा, कधी नाही. एकदा मी विचारलं, "त्या दिवशी हो म्हटलं असतं तर?"

"तर तुमी इंग्रजीत खोट्या झाल्या असत्या," तो म्हणाला.

"झाली असती. मले कुठं इंग्रजी वाचता येते?"

"मले येते ना, काकू."

कपाशी फुटायच्या दिवसांत एका सकाळी तो चहाला आला नाही. दुपारीही नाही. दार लोटलेलंच होतं. तो खाटेवर आडवा होता, चष्मा घातलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. बायको आली, मुलगी आली. मुलगी खांदे हलवत रडली, आवाज न करता. ती कोणाची मुलगी, ते कोणी सांगितलं नसतं तरी मी ओळखलं असतं.

लोक म्हणतात, त्याचा पैसा धुरात गेला. मी म्हणते, तो माझ्या नवऱ्याच्या सापाने खाल्ला. पुढे सरकारी सिलिंडर आले, बाकीच्या टाक्या बुजल्या. सिलिंडर भरायला जमलं नाही की बायका पुन्हा गोवऱ्या थापतात. माझी म्हैस तिसरी आहे, टाकी तीच आहे.

त्या दिवशी मैदानात धुरापाशी तो होता, शामराव होता आणि मी होते. शामरावही मागच्या उन्हाळ्यात गेला. मी आहे.